खाजणाऱ्या कुत्र्यासाठी औषध निवडताना: पहिल्या तपासणीपासून पुढच्या वर्षभरापर्यंत

रात्री दोन वाजता सगळं घर झोपलेलं असताना पंजा चाटण्याचा चपचप आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना या लेखाची गरज का आहे ते वेगळं सांगायला नको. आमचा खंड्या दीड वर्षाचा होता तेव्हा तो आवाज सुरू झाला. आधी वाटलं, सवय असेल. मग पुढच्या पायांचे पांढरे केस लाळेने तांबूस झाले, कान हाताला गरम लागायला लागले आणि एके दिवशी काखेतली कातडी लालबुंद दिसली. पुढच्या वर्षभरात आम्ही तीन औषधं बदलली. त्यातली दोन बदलायची गरजच नव्हती. औषधं चांगली होती, पण खाज नेमकी कशाची आहे हे न पाहता आम्ही ती देत होतो.

त्या वर्षात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. मी पशुवैद्य नाही. डोस ठरवणं आणि औषध लिहून देणं हे डॉक्टरांचंच काम. पण डॉक्टर तीन-चार नावं घेऊन "यातलं काय करूया?" असं विचारतात, तेव्हा ती नावं आपल्याला आधीपासून माहीत असली तर फार फरक पडतो.

१. खाज कुठे, केव्हा, किती: आधी वहीत उतरवा

कागदावर कुत्र्याचं साधं चित्र काढा, एक वरून आणि एक खालून. तो जिथे चाटतो, चावतो, घासतो किंवा खाजवतो तिथे खुणा करा. चाटणं आणि पायपुशीवर तोंड घासणं हीसुद्धा खाजच आहे. पायाने खाजवलं तरच खाज, असं समजून अनेक जण सहा-सहा महिने घालवतात.

या खुणा बरंच काही सांगतात. पंजे, कानाच्या पाळीची आतली बाजू, डोळ्यांभोवतीचा भाग, काखा, जांघा आणि पोट इथे खाज असेल, आणि ती ६ महिने ते ३ वर्षं या वयात सुरू झाली असेल, तर अ‍ॅटोपिक डर्मटायटिसची, म्हणजे धूळकिडे, परागकण, बुरशीचे कण अशा आजूबाजूच्या गोष्टींच्या अ‍ॅलर्जीची शक्यता मोठी असते. कमरेच्या वरचा भाग आणि शेपटीचं मूळ कुरतडत असेल तर आधी पिसवांकडे बघा. कानाच्या पाळीच्या कडा आणि कोपरं खपल्यांनी भरली असतील तर खरूज असू शकते, आणि घरातल्या माणसांच्या हातापोटावर पुरळ आलं असेल तर ती शक्यता आणखी वाढते. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच खाज सुटली असेल तर ती अ‍ॅलर्जीच असेल असं धरून चालू नका.

आता रोज एक आकडा लिहायचा, ० ते १०. निरोगी कुत्रा अधूनमधून खाजवतो तो ० ते २ मध्ये येतो. खाताना, खेळताना, झोपेतसुद्धा थांबत नाही, हात धरून अडवावं लागतं, तो १०. आकडा रोज एकाच माणसाने आणि एकाच वेळी द्यावा. आमच्याकडे मी ५ देत होतो आणि बायको ८, कारण रात्री तिला जाग यायची. शेवटी वही तिच्याकडे दिली.

२. औषधाआधी तीन गोष्टी बाजूला काढा

ही पायरी वाचताना कंटाळवाणी वाटेल, पण सगळ्यात जास्त पैसे आणि महिने इथेच वाया जातात, म्हणून सविस्तर सांगतो.

*पिसवा आणि किडे.* पिसू दिसत नाही म्हणजे ती नाही, असं होत नाही. पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात, आणि तो स्वतःला इतकं चाटतो की पिसू पोटात जाते. बारीक दातांच्या फणीने कमरेवरचे केस विंचरा आणि निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. त्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं आणि किमान दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं, कारण कोषातल्या पिसवा घरात दबा धरून असतात. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर आणि लोटिलॅनर या गटातली औषधं पिसवा-गोचिडांबरोबर खरजेच्या किड्यांवरही काम करतात. खरजेचा किडा कातडी खरवडून तपासली तरी पुष्कळदा सापडत नाही, म्हणून शंका असेल तर डॉक्टर थेट उपचार करून बघतात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर या गटातलं औषध देण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

*जंतू आणि यीस्ट.* अ‍ॅलर्जीने कातडीचं कुंपण ढिलं पडतं आणि त्यावर स्टॅफिलोकॉकस जंतू आणि मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट फोफावतं. मग खाज अ‍ॅलर्जीची किती आणि संसर्गाची किती ते कळेनासं होतं. खवट, आंबूस वास, तेलकट कातडी, बोटांमध्ये तपकिरी थर, पुटकुळ्या किंवा गोल खपल्या दिसल्या तर संसर्ग आहे असं समजा. डॉक्टर पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. होत नसेल तर तुम्ही स्वतः विचारा: "टेप लावून बघूया का?" खंड्याची गोळी तिसऱ्या महिन्यात "चालेनाशी" झाली म्हणून आम्ही ती बदलली होती. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पंजाची टेप घेतली तर बोटांमध्ये यीस्टच यीस्ट. जुनी गोळी तिचं काम करतच होती.

याच वेळी कातडी खरवडून डेमोडेक्स किड्याचीही तपासणी करून घ्या, विशेषतः केस गोलाकार गळत असतील तर. पुढे ज्या औषधांची नावं येणार आहेत त्यातली बरीचशी प्रतिकारशक्ती दाबतात आणि त्यांनी डेमोडेक्स उसळतो.

*खाणं.* खाज बारा महिने सारखीच असेल, सोबत शी वारंवार पातळ होत असेल, तर अन्नाची अ‍ॅलर्जी तपासावी लागते. त्याची खात्रीची पद्धत एकच. आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेलं प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड खाद्य (ज्यातल्या प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले असतात) द्यायचं आणि त्याशिवाय काहीही नाही. तुकडा नाही, बिस्किट नाही, चघळायचं हाड नाही, आणि चवीची औषधी गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फरक पडला तर जुनं खाणं परत देऊन खाज पुन्हा येते का ते पाहायचं. ही शेवटची पायरी गाळू नका, नाहीतर सुधारणा खाण्याने झाली की ऋतू बदलल्याने, ते कायम कोडंच राहतं. कुत्र्यांत बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू हे नेहमीचे संशयित.

इथला मोठा सापळा म्हणजे केस किंवा लाळ पाठवून करायच्या "अ‍ॅलर्जी टेस्ट". त्यांच्यावर निर्णय घेऊ नका, त्या निरोगी आणि अ‍ॅलर्जीच्या कुत्र्यात फरक करू शकत नाहीत. रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणीही अन्नाच्या बाबतीत भरवशाची नाही. परागकण-धूळकिड्यांसाठी तिचा उपयोग आहे, पण वेगळ्या कामासाठी. ते पुढे नवव्या पायरीत येईल.

३. दवाखान्यात जाताना सोबत काय न्याल

- खाजेची वही: चित्र, रोजचे आकडे, सुरुवात कधी झाली, कोणत्या महिन्यांत वाढते
- लसीकरणाचं पुस्तक, पुढची लस कधी आहे त्यासह
- आजचं वजन (घरचं वजन चालेल, पण आजचं हवं)
- पिसवा-गोचिडाचं औषध शेवटचं कधी दिलं ते, नावासह
- आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, डोस, किती दिवस दिलं आणि काय झालं. वेष्टनांचे फोटो असतील तर उत्तम
- संधिवातासाठी किंवा वेदनेसाठी काही चालू आहे का, याची नोंद
- पूर्वीचे आजार: फिट, मधुमेह, गाठ, यकृत-मूत्रपिंडाचा त्रास, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग
- त्रास सगळ्यात जास्त असतानाचे फोटो आणि व्हिडिओ, कारण दवाखान्यात गेल्यावर घाबरून तो खाजवणं विसरतो

तपासणीआधी दोन-तीन दिवस अंघोळ घालू नका. स्वच्छ धुतलेल्या कातडीवरून डॉक्टरांना फार काही सापडत नाही.

४. दोन प्रश्न: किती लवकर आणि किती दिवस?

"सगळ्यात चांगलं औषध कोणतं?" हा प्रश्न मी वर्षभर विचारत होतो. त्याला उत्तर नाही. त्याऐवजी हे दोन प्रश्न विचारा: आराम किती लवकर हवा आहे, आणि औषध किती दिवस द्यावं लागणार आहे?

कातडी रक्ताळली आहे आणि कुत्रा झोपत नाही, तर आराम आज हवा. वर्षातले दोन महिनेच त्रास होतो, तर आठ आठवड्यांचं औषध पुरेल. बारमाही त्रास आहे आणि कुत्रा दोन वर्षांचा आहे, तर पुढची दहा वर्षं त्याला जे देता येईल ते हवं. या दोन उत्तरांनीच निम्मी निवड होऊन जाते. उरलेली निम्मी वय, वजन, सोबतचे आजार, खर्च आणि तुम्हाला रोज गोळी देणं जमतंय का यावर ठरते.

५. चिठ्ठीवर येणारी औषधं

*स्टिरॉइड (प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन).* सगळ्यात जुनं, स्वस्त आणि झपाट्याने काम करणारं. खाजेबरोबर सूजही उतरते, आणि हा त्याचा खरा गुण आहे. कानाची नळी सुजून बंद झाली असेल, कातडी जाड आणि ओली झाली असेल, तिथे फक्त खाज थांबवणारी औषधं कमी पडतात आणि स्टिरॉइड कामी येतं. स्टिरॉइडचं नाव काढताच अनेकांना धडकी भरते. एक-दोन आठवड्यांच्या नीट आखलेल्या कोर्सला घाबरण्याचं कारण नाही. घाबरायचं ते महिनोन्महिने रोज देण्याला.

पहिल्या दोन दिवसांतच तहान, लघवी आणि भूक वाढते. कुत्रा धापा टाकतो, घरात लघवी होते. त्याला रागवू नका, औषधाचा परिणाम आहे. दीर्घकाळ दिलं तर स्नायू झडतात, पोट लोंबतं, कातडी पातळ होते, लघवीचे संसर्ग होतात, मधुमेह आणि कुशिंगसारखी (शरीरात स्टिरॉइडचा अतिरेक झाल्याची) अवस्था येऊ शकते. म्हणून डोस कमी करत दिवसाआड आणतात.

दोन नियम पक्के लक्षात ठेवा. पहिला, मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं स्टिरॉइडबरोबर कधीही द्यायची नाहीत, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दुसरा, काही आठवडे दिलेलं स्टिरॉइड एकदम तोडायचं नाही. आणि "एकच इंजेक्शन, महिनाभर काळजी नको" असं म्हणून दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइड कोणी सुचवलं, तर गोळीचा पर्याय मागा. गोळी उद्यापासून कमी करता येते. शरीरात गेलेलं ते इंजेक्शन परत काढता येत नाही.

*ऑक्लासिटिनिब (अ‍ॅपोक्वेल).* अमेरिकेत याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. पेशींमधला जेएके नावाचा संदेशमार्ग ते अडवतं, त्यामुळे खाजेचा निरोप पुढे जात नाही. काही तासांत परिणाम दिसायला लागतो. डोस किलोमागे ०.४ ते ०.६ मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा जास्तीत जास्त १४ दिवस, मग दिवसातून एकदा. जेवणाबरोबर द्या किंवा उपाशीपोटी, चालतं. तहान-लघवीचा त्रास स्टिरॉइडसारखा होत नाही.

बंधनं मात्र काटेकोर आहेत. १२ महिन्यांखालच्या पिल्लाला नाही. गंभीर संसर्ग असताना नाही. गाभण, दूध पाजणाऱ्या किंवा प्रजननासाठी ठेवलेल्या कुत्र्यांना नाही. कर्करोग असेल किंवा होऊन गेला असेल तर डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय नाही. उलटी, जुलाब, मंदपणा, कानाचे आणि कातडीचे संसर्ग, नवीन गाठी यांवर लक्ष ठेवायचं. दीर्घकाळ देताना डॉक्टर सांगतील त्या अंतराने रक्ततपासणी करायची.

दोनदाची एकदा झाली की अनेक कुत्र्यांत खाज काही दिवस उसळी मारते. आम्ही याच वळणावर घाबरून परत दोनदा द्यायला सुरुवात केली होती, तीही न विचारता. तसं करू नका. आठवडाभर थांबा, आकडे लिहा, डॉक्टरांना फोन करा. तेवढ्या काळात अंघोळ आणि कातडीवर मारायचा फवारा यांनी बरंच निभावतं.

*त्याच गटातली नवी औषधं.* इलुनोसिटिनिब (झेनरेलिया) अमेरिकेत २०२४ मध्ये आलं. ते पहिल्या दिवसापासून दिवसातून एकदाच द्यायचं असतं, म्हणजे वर सांगितलेली उसळी टळते. पण त्याच्या अमेरिकी वेष्टनावर लसीबाबत ठळक इशारा आहे: लसीआधी किमान २८ दिवस बंद आणि लसीनंतर किमान २८ दिवस पुन्हा सुरू करायचं नाही. म्हणून लसीकरणाचं पुस्तक सोबत न्या म्हटलं. हेही १२ महिन्यांवरच्या कुत्र्यांसाठीच. २०२५ मध्ये युरोपात अ‍ॅटिनविसिटिनिब (न्यूमेल्वी) मंजूर झालं. तुमच्याकडे यातलं काय मिळतं ते डॉक्टर सांगतील.

*लोकिवेटमॅब (सायटोपॉइंट).* ही गोळी नाही. कातडीखाली द्यायचं इंजेक्शन आहे, ४ ते ८ आठवडे टिकणारं. खाजेचा निरोप नेणारं इंटरल्युकिन-३१ नावाचं एक प्रथिन असतं. हे प्रतिपिंड नेमकं त्यालाच पकडतं, बाकी प्रतिकारशक्तीला हात लावत नाही. त्याचा भार यकृत-मूत्रपिंडावर पडत नाही, वयाची खालची मर्यादा नाही (युरोपात ३ किलोंखालच्या कुत्र्याला देत नाहीत) आणि इतर जवळजवळ सगळ्या औषधांबरोबर देता येतं. म्हातारा कुत्रा, पिल्लू, कर्करोगातून उठलेला कुत्रा, गोळी थुंकणारा कुत्रा, यांच्यासाठी पहिला विचार याचाच करावा असं माझं मत आहे.

मर्यादा अशी की ते खाज थांबवतं, सूज फारशी उतरवत नाही. सुजलेल्या कानावर त्याची मात्रा एकट्याने चालत नाही. काही कुत्र्यांना अजिबात लागू पडत नाही, आणि काहींत शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, त्यामुळे आधी चांगलं चाललेलं औषध नंतर चालेनासं होतं. पहिल्या इंजेक्शनला महिन्याभरात फारसा प्रतिसाद नसेल तर दुसरं देऊन बघतात. दोन्हींनंतरही आकडा हलला नाही तर पुढे जा.

*सायक्लोस्पोरिन (अ‍ॅटोपिका).* हे संथ औषध आहे. किलोमागे ५ मिलीग्रॅम, दिवसातून एकदा, आणि खरा फरक दिसायला ४ ते ६ आठवडे. दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देणारे खूप जण असतात. या मधल्या काळासाठी डॉक्टर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सोबत स्टिरॉइड देतात. नंतर बऱ्याच कुत्र्यांत ते दिवसाआड, काहींत आठवड्यातून दोनदा आणता येतं, आणि तिथे ते लांब पल्ल्यासाठी छान बसतं.

उलटी आणि जुलाब सुरुवातीला होतात. कॅप्सूल फ्रीजरमध्ये गोठवून दिली तर उलटी कमी होते आणि औषधाचा परिणाम घटत नाही. ही युक्ती डॉक्टरांना विचारून जरूर वापरा. खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी द्यायचं. हिरड्या वाढणं, केस दाट होणं, अंगावर मस येणं हे परिणाम औषध कमी केल्यावर बहुधा मागे जातात. ६ महिन्यांखाली नाही. उपचार चालू असताना जिवंत लसी टाळतात. केटोकोनॅझोलसारख्या बुरशीच्या औषधाने रक्तातलं सायक्लोस्पोरिन वाढतं, म्हणून यीस्टसाठी कोणी गोळ्या दिल्या तर हे चालू आहे हे आठवणीने सांगा. ब्रँड परस्पर बदलू नका, सगळी सायक्लोस्पोरिन्स शरीरात सारखी शोषली जात नाहीत.

*अँटिहिस्टामिन (सेटिरिझिन, हायड्रॉक्सिझिन).* माणसांवरून आपण सगळे इथूनच सुरुवात करतो. कुत्र्यांच्या खाजेवर यांचा परिणाम क्षीण असतो, आणि खाज भडकलेली असताना तर नगण्य. त्यांच्यावर महिने घालवू नका.

*कातडीवर मारायचा फवारा.* हायड्रोकॉर्टिसोन असेपोनेट असलेला फवारा एखाद-दुसऱ्या जागेपुरता त्रास असेल तर फार उपयोगी. औषध कातडीतच काम करतं, शरीरात नगण्य जातं. सुकेपर्यंत चाटू द्यायचं नाही एवढंच. नुसते पंजे किंवा नुसतं पोट असेल तर पोटात द्यायच्या औषधाआधी याची चौकशी करा.

६. मग तुमच्या कुत्र्याला काय?

काही नेहमीच्या परिस्थिती घेऊ. शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

आठ महिन्यांचं पिल्लू, पंजे लाल: ऑक्लासिटिनिब आणि इलुनोसिटिनिब वयामुळे बाद. लोकिवेटमॅब किंवा फवारा.

दोन वर्षांचा कुत्रा, अंगावर ओल्या जखमा, झोप नाही: आधी टेप, संसर्गावर उपचार, आणि सोबत स्टिरॉइडचा छोटा कोर्स किंवा ऑक्लासिटिनिब. शांत झाल्यावर पुढचं ठरवायचं.

वर्षातले दोन-तीन महिनेच त्रास: त्या काळापुरतं लोकिवेटमॅब किंवा ऑक्लासिटिनिब, आणि वहीवरून पुढच्या वर्षी ऋतू सुरू होण्याआधीच तयारी.

संधिवातासाठी रोज वेदनाशामक घेणारा दहा वर्षांचा कुत्रा: स्टिरॉइडवर फुली. लोकिवेटमॅब हा सगळ्यात निर्धोक वाटणारा पर्याय. पण या वयात खाज नवीन असेल तर आधी तिचं मूळ कारण शोधा.

वारंवार सुजणारे, जाड झालेले कान: सूज उतरवणारं काहीतरी लागेल, स्टिरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन. कानाचे थेंब वेगळे लागतातच.

खर्चाचं मोकळेपणाने बोला. मोठ्या कुत्र्याचं औषध वजनाप्रमाणे महागतं, आणि न झेपणारं औषध तीन महिन्यांनी बंद करण्यापेक्षा झेपणारं औषध नीट देणं कुत्र्याच्या हिताचं असतं. दिवसाआड घेतलेलं कमी डोसचं प्रेडनिसोलोन, नियमित अंघोळ आणि पिसवांवर नियंत्रण, एवढ्यावर बरे राहिलेले कुत्रे आहेत. चांगला डॉक्टर या प्रश्नाने नाराज होत नाही.

७. औषध सुरू झाल्यावरचे चार आठवडे

एका वेळी एकच गोष्ट बदला. नवं औषध, नवं खाद्य आणि नवा शॅम्पू एकाच आठवड्यात आणले तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

वहीतले आकडे चालू ठेवा. ८ वरून ४ वर आलं तर औषध काम करतंय. ० येईल अशी अपेक्षा ठेवू नका, अ‍ॅलर्जी बरी होत नाही, ताब्यात राहते. शॅम्पू क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) असेल तर फेस दहा मिनिटं अंगावर राहायला हवा, घड्याळ लावून. दोन मिनिटांत धुतलेला औषधी शॅम्पू साध्या साबणाइतकाच.

दर दोन-तीन महिन्यांनी वजन करा. कुत्रा चार किलोंनी वाढला आणि गोळी तीच राहिली, तर डोस गुपचूप कमी झालेला असतो.

सतत उलट्या, काळी शी, खाणं सोडणं, ताप, चेहऱ्यावर सूज, श्वासाला त्रास यांपैकी काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

८. घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका

माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांत सेटिरिझिनबरोबर पुष्कळदा स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असतं, ते कुत्र्याला जीवघेणं ठरू शकतं. पातळ औषधांत झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असू शकतं, त्याने रक्तातली साखर झपाट्याने कोसळते. टी ट्री ऑइल "नैसर्गिक" म्हणून अंगावर चोळू नका, विषारी आहे. इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कोणत्याही रूपात नको. जस्ताचं मलम किंवा माणसांच्या खाजेची मिश्र मलमं लावली की कुत्रा पहिली ती चाटतो.

आणि दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, कितीही प्रेमाने दिल्या तरी.

९. बारमाही त्रास असेल तर इम्युनोथेरपीचं विचारा

वरची सगळी औषधं लक्षणं दाबतात. अ‍ॅलर्जीच्या मुळाशी शरीराची सवय बदलण्याचा प्रयत्न करणारा उपचार एकच: ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच अतिसूक्ष्म मात्रेत, वाढवत वाढवत, इंजेक्शनने किंवा जिभेखाली देणं. त्यात काय घालायचं हे ठरवण्यासाठी कातडीत टोचून किंवा रक्तावर तपासणी करतात. रक्ततपासणीचं खरं काम हे आहे. कुत्र्याला अ‍ॅलर्जी आहे की नाही हे ती सांगत नाही, ते लक्षणांवरून आणि बाकीची कारणं वगळूनच ठरतं.

निम्म्याहून अधिक कुत्र्यांत चांगला उपयोग होतो, पण निकालासाठी वर्षभर थांबावं लागतं. तोपर्यंत दुसरं औषध चालू राहतं. कातडीतली तपासणी करायची असेल तर स्टिरॉइड आणि अँटिहिस्टामिन आधी काही काळ बंद ठेवावी लागतात. ऑक्लासिटिनिब आणि लोकिवेटमॅबची तशी अडचण येत नाही. म्हणून हा विचार मनात असेल तर पहिल्याच भेटीत बोला. कुत्रा तरुण असताना सुरू केलं तर पुढची कितीतरी वर्षं हाताशी असतात.

१०. सगळं नीट चाललं असताना खाज पुन्हा उसळली तर

उसळणारच. त्या दिवशी औषध बदलायची घाई न करता या क्रमाने तपासा, आणि ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

पिसवांच्या औषधाची तारीख उलटून गेली का? गोळी खरंच पोटात गेली का, की सोफ्यामागे सापडते आहे? वजन वाढलं का? कुणी काही वेगळं खायला घातलं का? पंजांना वास येतोय का, कान हलवतोय का? येत असेल तर टेप तपासणी. ऋतू बदलला का? मागच्या वर्षी याच महिन्यात आकडा किती होता?

या सगळ्याची उत्तरं घेऊन डॉक्टरांना फोन करा. खंड्या आता सहा वर्षांचा आहे. गेल्या उसळीला हीच यादी काढली, तर चौथ्या प्रश्नालाच कारण सापडलं: शेजारचा मुलगा रोज संध्याकाळी फाटकातून त्याला बिस्किटं भरवत होता. मुलाला समजावलं, आठवडाभर फवारा मारला, आणि वहीतला आकडा ७ वरून परत ३ वर आला. औषध तेच आहे.